पायाची नस बंद झाली म्हणून पाय कापायचाच का? : विरघळणाऱ्या स्टेंटविषयी थोडे समजून घेऊ



हृदयाची नस ब्लॉक होते आणि तिथे स्टेंट टाकतात, हे आता वस्तीतल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण तशीच नस पायातही ब्लॉक होते आणि त्यामुळे धडधाकट माणूस पाय गमावून बसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्ही वस्त्यांमध्ये शुगर-बीपी तपासणीची शिबिरे घेतो. तिथे "पाय दुखतात, वात आहे", "कमरेत गॅप आहे", "वयोमानाने होतंच की" असे सांगणारे कितीतरी जण भेटतात. त्यांच्यातल्या काहींना वातही नसतो आणि गॅपही नसते. त्यांच्या पायाला रक्तच पुरत नसते.

या आजारावर अलीकडे एक नवे साधन आले आहे. नसेत बसवायचा, औषध लावलेला आणि काही वर्षांनी शरीरातच विरघळून जाणारा स्टेंट. मोबाइलवर त्याच्या बातम्या फिरतात आणि लोक आम्हाला विचारतात, "ताई, हा टाकला की पाय वाचतो का?" त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आधी आजार समजून घेऊ, मग स्टेंट.

नस बंद होते म्हणजे काय होते?

हृदयाकडून शुद्ध रक्त घेऊन येणाऱ्या नळीला धमनी म्हणतात. तिच्या आतल्या भिंतीवर हळूहळू चरबी आणि चुना साचत जातो. घरातल्या नळाच्या पाइपात क्षार धरून धार बारीक व्हावी, तसे होते. विडी-सिगारेट आणि तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा आजार आणि वाढते वय ही त्याची मुख्य कारणे आहेत. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले तर धोका फारच वाढतो.

आणखी एक आजार आहे, बर्जर नावाचा. तो विशीपासून चाळिशीच्या आतल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांना जास्त होतो. यात चरबी साचत नाही. नसांना सूज येऊन आत गुठळ्या होतात आणि बोटे काळी पडू लागतात. तंबाखू पूर्ण बंद करणे हाच त्याचा खरा उपचार आहे. "दिवसाला दोनच ओढतो" म्हणणाऱ्याचाही आजार थांबत नाही.

पायावर निळ्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात, तो आजार वेगळा. त्या हृदयाकडे परत रक्त नेणाऱ्या शिरा आहेत. आपण बोलतोय ती धमनी आत खोल असते. ती बंद पडली तरी बाहेरून काही फुगलेले दिसत नाही.

ओळखायचे कसे?

पहिली खूण चालताना कळते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, पाय भरून येतो. थांबले की दोन-पाच मिनिटांत बरे वाटते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा तेच. गॅपचे दुखणे बहुधा कमरेतून खाली उतरते आणि नुसते उभे राहिले तरी दुखते. नसेचे दुखणे चालले की येते आणि उभे राहिले की जाते.

पुढची पायरी गंभीर असते. रात्री झोपल्यावर पाऊल ठणकते आणि पाय खाटेखाली लोंबकळत ठेवला की बरे वाटते. पाय गार पडतो. नखे जाड होतात, नडगीवरचे केस जातात, कातडी चकाकते. चपलेने लागलेली छोटी जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही. बोट काळे पडते. यापैकी काहीही दिसले तर मलम लावत बसू नका.

मधुमेह असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मधुमेहात पायाची संवेदना जाते. त्यामुळे नस बंद असूनही पाय दुखत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" हा समज इथे घात करतो.

आणि तातडीची खूण : पाय अचानक पांढरा पडला, गार झाला, भयंकर दुखू लागला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर नसेत गुठळी अडकलेली असू शकते. पाय वाचवायला सहा तासांच्या आसपासच वेळ असतो. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

तपासणी साधी आहे

पायाची नाडी घरीही पाहता येते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. काही निरोगी माणसांतही वरची नाडी हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी पाहावे आणि दोन्ही पायांची तुलना करावी.

दवाखान्यात हाताचे आणि घोट्याचे बीपी मोजून तुलना करतात. हिशोब सोपा आहे. समजा हाताचे वरचे बीपी १४० आहे आणि घोट्याचे ८४. ८४ ला १४० ने भागले तर ०.६ येते. हा आकडा ०.९ पेक्षा कमी आला तर पायाच्या नसेत अडथळा आहे असे समजतात. ०.६ म्हणजे अडथळा बराच आहे. मधुमेहात नसा चुन्याने कडक झालेल्या असतात, त्यामुळे आकडा खोटा जास्त येऊ शकतो. अशा वेळी डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. अडथळा नेमका कुठे आणि किती लांब आहे, हे अँजिओग्राफीत दिसते.

उपचार आणि त्यातली अडचण

फक्त चालताना दुखत असेल, जखम नसेल, तर पहिला उपचार गोळ्या आणि चालणे हाच आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, शुगर-बीपी ताब्यात, तंबाखू बंद. चालायचे ते असे : पोटरी चांगली दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणे गेले की पुन्हा चाला. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, तीन महिने. याने चालण्याचे अंतर वाढते, हे सिद्ध झालेले आहे. याला पैसा लागत नाही, म्हणून कदाचित याची जाहिरातही होत नाही. पण पायाला जखम असेल किंवा रात्री पाय ठणकत असेल, तर हा व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये.

जखम भरत नसेल, बोट काळे पडत असेल, तर नस उघडावी लागते. तिचे दोन मार्ग. एक बायपास : पायातलीच चांगली शीर काढून बंद भागाला वळसा घालून जोडायची. दुसरा अँजिओप्लास्टी : जांघेतून बारीक तार आत घालायची, बंद जागी फुगा नेऊन फुगवायचा आणि वाट मोकळी करायची.

फुग्याची अडचण अशी की, दाबून उघडलेली नस पुन्हा आखडते. शिवाय फुग्याने आत जखम होते, ती भरताना नव्या पेशी वाढतात आणि वाट परत अरुंद होते. हृदयात यावर उपाय म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट बसवतात. गुडघ्याखाली मात्र नसा अवघ्या दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. तिथे कायमची धातूची जाळी राहिली तर काही वर्षांनी ती नस पुन्हा बंद झाल्यावर फुगा घालणे किंवा बायपास जोडणे अवघड होते. आणि मधुमेहाच्या माणसाचा अडथळा बहुतेक वेळा याच गुडघ्याखालच्या नसांत असतो. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यासाठी साधन सर्वांत कमी, अशी परिस्थिती होती.

विरघळणारा स्टेंट काय करतो?

प्लास्टर कशासाठी घालतात? हाड जुळेपर्यंत आधार म्हणून. जुळल्यावर काढून टाकतात. नसेलाही आधार काही महिनेच लागतो. मग आधार स्वतःहून निघून गेला तर? या विचारातून हा स्टेंट आला.

तो पॉलिलॅक्टिक आम्लाचा बनवतात. ऑपरेशननंतर आतून घालतात ते विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थांचे असतात, त्याच जातीचा हा पदार्थ. त्यावर एव्हरोलिमस नावाच्या औषधाचा थर असतो. हे औषध पेशींची फाजील वाढ रोखते. स्टेंट आधी नसेला आतून टेकू देतो, औषध हळूहळू सुटते. पुढे शरीरातल्या पाण्याने त्या पदार्थाचे तुकडे होतात, त्याचे लॅक्टिक आम्ल बनते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन ते निघून जाते. याला साधारण तीन वर्षे लागतात. मागे धातू उरत नाही, त्यामुळे पुढच्या उपचाराची वाट मोकळी राहते.

आधीचे प्रयत्न फसले, तेही सांगितले पाहिजे

नवे आहे म्हणजे चांगलेच आहे, असे नाही. पायाच्या नसेत मॅग्नेशियम या विरघळणाऱ्या धातूचा स्टेंट घालून पाहिला होता. ११७ रुग्णांवरचा तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी तपासले तर नुसता फुगा फुगवलेल्यांच्याच नसा जास्त उघड्या होत्या. हृदयासाठी अॅबट कंपनीच्या 'अॅबसॉर्ब' या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात गुठळ्या जास्त होतात असे दिसले आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. त्याच्या काड्या जाड होत्या, हे त्याचे एक कारण मानले जाते.

मग त्याच कंपनीने काड्या बारीक केल्या, साधारण ०.१ मिलिमीटर, आणि गुडघ्याखालच्या नसांसाठी 'एस्प्री बीटीके' हा स्टेंट तयार केला. 'लाइफ-बीटीके' नावाच्या अभ्यासात तो तपासला गेला. ज्यांचा पाय धोक्यात आला होता असे २६१ रुग्ण निवडले. १७३ जणांना हा स्टेंट बसवला, ८८ जणांवर नुसत्या फुग्याचा उपचार केला. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे पक्षपात नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला. वर्षभर पाय घोट्याच्या वर कापावा लागला नाही, नस बंद किंवा पुन्हा अरुंद झाली नाही, परत प्रक्रिया करावी लागली नाही, असे रुग्ण स्टेंटच्या गटात ७४ टक्के, फुग्याच्या गटात ४४ टक्के. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी दिली.

हा फरक मोठा आहे, पण नीट वाचू या. ७४ टक्के म्हणजे चारातल्या एकाला तरीही त्रास झालाच. पाय कापण्याची वेळ दोन्ही गटांत थोड्याच जणांवर आली. मोठा फरक दिसला तो नस उघडी राहण्यात. तुलना फक्त फुग्याशी होती, बायपासशी नव्हती. चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपास आजही भक्कम उपचार आहे. नस फार लांबपर्यंत बंद असेल किंवा चुन्याने दगडासारखी झाली असेल, तर हा स्टेंट चालेलच असे नाही. आणि स्टेंट कोणताही असो, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्याच लागतात. मध्येच सोडल्या तर गुठळी होऊन सगळे फुकट जाते.

कालामांना बुद्धांनी सांगितले की, कोणी मोठ्याने सांगितले, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. औषधांच्या बातम्यांनाही हीच कसोटी लावायची. किती रुग्णांवर पाहिले? कशाशी तुलना केली? किती दिवस पाहिले? हे तीन प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

पैशाचा प्रश्न

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा धातूचा ७,२६० रुपये, औषध लावलेला आणि विरघळणारा २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या पुढे बिल लागत असे. ही मर्यादा आपोआप आली नाही. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा आली. पण तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता. पायाच्या स्टेंटचा त्यात समावेश नव्हता. आपल्या वस्तीतला मधुमेही माणूस पाय गमावतो तेव्हा त्याचा रोजगार जातो, घरातल्या मुलीची शाळा सुटते. म्हणून पायाच्या नसेवरील साधनांचेही दर सरकारने ठरवावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर हाताशी आहे ते वापरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, हा उपचार आणि हे साधन योजनेत बसते का, ते भरती होण्यापूर्वीच विचारा. मदतवाहिनी १५५३८८. दुसरे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. हा उपकार नाही, हक्क आहे. तो मागताना आवाज खाली ठेवू नका.

पाय कापण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

वॉर्डात ड्रेसिंग करताना आम्ही पाहिलेले आहे : बोट काळे पडले, बोट कापले. जखम भरली नाही, पाऊल कापले. तीही भरली नाही, गुडघ्याखाली कापला. मधल्या काळात नसेची तपासणी कोणी केलीच नव्हती. रक्त पोहोचत नसेल तर कापलेली जागाही भरत नाही. हे गणित नातेवाइकांना माहीत असते तर त्यांनी विचारले असते. म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून ठेवा :

१. पायाचा डॉपलर झाला का? अडथळा कुठे आहे?
२. नस उघडता येईल का? फुगा, स्टेंट की बायपास? आमच्या रुग्णाला कोणता योग्य, आणि का?
३. रक्तवाहिन्यांच्या सर्जनचे मत घेतले का? इथे नसतील तर कुठे पाठवाल?
४. विरघळणारा स्टेंट सुचवत असाल, तर त्याला मंजुरी आहे का, खर्च किती, गोळ्या किती दिवस?

कधी कधी जंतुसंसर्ग अंगात पसरलेला असतो आणि जीव वाचवायला पाय तातडीने काढावा लागतो. तेव्हा अडवून धरू नका. पण तशी घाई नसेल, तर हे प्रश्न विचारल्याशिवाय सहीचा कागद पुढे ओढू नका.

घरी आणि विहारात

रोज रात्री पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना दाखवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. गरम पाण्याची पिशवी, शेक, उकळत्या पाण्यात पाय बुडवणे बंद. कुरूप ब्लेडने कापू नका. अनवाणी फिरू नका. मधुमेहींनी मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. आपले सफाई कामगार बांधव गटारात, कचऱ्यात काम करतात. त्यांना गमबूट देणे हे ठेकेदाराचे कर्तव्य आहे. बूट काढल्यावर रोज पाय धुऊन तपासा.

आणि तंबाखू. पाचवे शील आपण रोज म्हणतो आणि त्याचा अर्थ दारूपुरता धरतो. विडी, गुटखा, मायमाउलींची मशेरी हीही व्यसनेच आहेत. धूर तर नसेला सरळ आखडवतो. शुद्धीचा आग्रह इथेही हवा.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी त्यांना शेवटच्या वर्षांत फार छळले. तरीही ते लिहीत राहिले. आजारी भिक्खूची सेवा स्वतः बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन केली. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण एवढे करू शकतो : रविवारच्या वंदनेनंतर विहारातच अर्धा तास थांबायचे. पन्नाशीच्या पुढच्यांचे आणि मधुमेह असणाऱ्यांचे पाय पाहायचे, नाडी पाहायची, जखम असेल तर नाव लिहून घ्यायचे आणि त्याच आठवड्यात कोणीतरी सोबत जाऊन त्याला दवाखान्यात पोचवायचे. वस्तीतल्या आशाताईंना बोलवा, त्या मदत करतील.

विरघळणारा स्टेंट ही चांगली वस्तू आहे आणि ती आपल्या माणसांनाही मिळाली पाहिजे. पण ती उपयोगी पडते ती वेळेवर पोचलेल्याला. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय दिव्याखाली धरून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!